मार्कंडा, वीज आणि दगडातले पाणी

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ वैनगंगा उत्तरेकडे वळते. त्या वळणावर मार्कंड्याचा सुमारे हजार वर्षांपूर्वीचा मंदिरसमूह उभा आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला तुमच्यापैकी पुष्कळजण तेथे गेले असतील. येथील मुख्य मंदिरावर पूर्वी एकदा वीज पडली आणि शिखराचा माथा महामंडपाच्या छतावर कोसळला. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात येथे आले, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढे गोंड राजवटीत छताला टेकू म्हणून जाड खांब व कमानी उभारल्या गेल्या. मूळच्या कोरीव खांबांशेजारी त्या ओबडधोबड दिसतात खऱ्या. पण छत त्यांनी तोलले, याचे श्रेय त्या गवंड्यांना दिलेच पाहिजे.

वीज दगड फोडते तरी कशी? मंदिराचा वालुकाश्म सच्छिद्र असतो. एक घनमीटर दगडात १० टक्के रंध्रे आहेत असे धरले, तर त्यात १०० लिटर पाणी मावेल! ओल्या दगडाचा विद्युतरोध कोरड्यापेक्षा कमी, म्हणून विजेचा प्रवाह ओलाव्यातून वाट काढतो. हा प्रवाह साधारण ३०,००० अँपिअर असतो, आणि उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक घनसेंटिमीटर पाण्याची १०० अंश सेल्सिअसला सुमारे १,७०० घनसेंटिमीटर वाफ होते. रंध्रांत कोंडलेल्या वाफेला एवढी जागा कोठून मिळणार? दगड आतून फुटतो. म्हणून सांध्यांत पाणी मुरू न देणे आणि त्यांत रुजलेला पिंपळ वेळीच काढणे ही कामे दरवर्षीची.

तांब्याची पट्टी शिखरापासून जमिनीपर्यंत नेली, की प्रवाहाला सोपी वाट मिळते. हाच तडितरक्षक. व्हेनिसमधील सेंट मार्क चर्चच्या घंटाघराला विजेने वारंवार तडाखे दिले. १७७६ साली त्यावर तडितरक्षक बसला. तरीही १९०२ साली भिंतीतील भेग वाढत जाऊन ते घंटाघर कोसळले आणि १९१२ साली पुन्हा उभे राहिले. तडितरक्षक विजेला अडवील, भेगेला नाही.

मार्कंड्याला अलीकडच्या वर्षांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने शिखराचे दगड उतरवून पुन्हा रचण्याचे काम हाती घेतले. अशा कामात प्रत्येक दगडावर क्रमांक घालावा लागतो. क्रमांक पुसला, तर दगडाची जागाही हरवली.

आता एक उदाहरण सोडवा. तडितरक्षकाच्या भू-जोडणीचा रोध १० ओहम आहे. प्रवाह ३०,००० अँपिअर, तर विभवांतर किती? तीन लाख व्होल्ट! जमीन कोरडी पडली की रोध वाढतो. आपल्याकडे जमीन सर्वांत कोरडी असते मे महिन्यात, आणि वळिवाच्या विजा कडाडतात त्याही तेव्हाच. भू-जोडणीच्या खड्ड्यात पाणी घालून रोध मोजायचा तो पावसाळ्यात नव्हे, वळिवाच्या आधी.