देवघेव आणि तिचा अवधी

शेजारच्या घरून भाजीची वाटी आली तर ती रिकामी परत पाठवू नये, हा संस्कार आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे. पण तीच वाटी घासून, त्याच घटकेला, तेवढ्याच मापाची भाजी घालून परत धाडली तर शेजारीण मनातून दुखावेल. मध्ये चार दिवस जावे लागतात. मग घरी चकल्या झाल्या, गुळाची पोळी झाली, की वाटी परत जाते. घेणे आणि परत देणे यांमध्ये जो अवधी जातो, त्यातच शेजारधर्म नांदत असतो. प्रस्तुत लेखात या परस्परक्रियेचा थोडा अभ्यास करण्याचा आमचा विचार आहे. आमचे शिक्षण शाळेपुरतेच झाले आहे; तेव्हा जाणत्या वाचकांनी उणेअधिक सांभाळून घ्यावे.

प्रथम पदार्थविज्ञान पाहू. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गतीचा तिसरा नियम सांगितला. क्रिया आणि प्रतिक्रिया या समान, विरुद्ध दिशेच्या आणि एकाच क्षणी घडणाऱ्या असतात. रहाटाने घागर ओढताना आपण दोराला जेवढे ओढतो, तेवढाच दोरही आपल्या हाताला ओढतो. येथे उधारी मुळीच नाही. पुष्कळ प्रवचनकार कर्मफलाच्या समर्थनार्थ हा नियम पुढे करतात. आम्हांस ते पटत नाही. कर्म आणि फल यांत काळ जातो, न्यूटनच्या नियमात तो जात नाही. सजीवांची आणि समाजाची देवघेव ही निराळ्याच जातीची आहे.

औदुंबराचेच उदाहरण घ्या. दत्तगुरूंचे स्थान म्हणून आपण त्याला प्रदक्षिणा घालतो, आणि दुर्मीळ माणसाला ‘उंबराचे फूल’ म्हणतो. वास्तविक उंबराला फुले असतातच, परंतु ती ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या पोटात दडलेली असतात. गांधीलमाशीच्या गोत्रातील एक अतिसूक्ष्म मादी अंगावर दुसऱ्या उंबराचे पराग घेऊन बारीक छिद्रातून आत शिरते. काही फुलांत ती अंडी घालते, काहींना तिच्याकडून पराग मिळतात, आणि ती तेथेच मरते. ज्या फुलांत अंडे पडले त्यांतून कीटक निपजतात, ज्यांना नुसते पराग मिळाले त्यांत बी धरते. पुढे पंख नसलेले नर बाहेर पडण्याची वाट कोरतात, आणि नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे उडून जातात. म्हणजे जिने उपकार केला तिला परतफेड मिळत नाही, ती तिच्या लेकींना मिळते. आणि त्या ती फेडतात भलत्याच झाडाकडे! उंबर फोडल्यावर किडे दिसले की आपण नाक मुरडतो, पण हे किडे नसते तर उंबराला बीही धरले नसते.

मनुष्यसमाजात अशीच रीत पूर्वापार आहे. १९२५ साली मार्सेल मॉस या फ्रेंच पंडिताने भेट आणि प्रतिभेट यांवर प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि त्यात महाभारताच्या अनुशासनपर्वातील दानधर्माचाही विचार केला. आपल्या शेतकऱ्यांची सावड हीच जात दाखविते : आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी. बलुत्याची पद्धतही वर्षभराच्या कामाबद्दल सुगीला धान्य देण्याची. परंतु येथे थोडे थांबले पाहिजे. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा नव्हती, त्याच्या बाबतीत या पद्धतीला परस्पर म्हणावे काय? डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले ते याच अन्यायामुळे. आणि कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. आम्ही पुजाऱ्याच्या घरी वाढलो. आमच्या वाट्यास या पद्धतीतील मानाची बाजू आली, म्हणून हे बोलणे आमच्यावर अधिकच येते.

आता आपल्या बऱ्हाणपुराकडे वळू. कुंडी भंडारा पाहण्यास पाहुण्यांना आपण हौसेने नेतो, पण त्याचे मर्म त्यांना क्वचितच सांगतो. अब्दुल रहीम खानखानान येथे असताना, १६१५ च्या सुमारास, तबकतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाने सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी हेरले. भूमिगत मार्ग खणून ते अडविले आणि केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले. वरून दिसणाऱ्या शंभराहून अधिक कुंड्या म्हणजे या मार्गावरील हवेची, उजेडाची आणि साफसफाईची तोंडे होत. मोट नाही, रहाट नाही, यंत्र नाही. या अन्य भंडाऱ्यांपैकी एकाचे नाव ‘चिंताहरण’ आहे, आणि पाणी देणाऱ्यास याहून चांगले नाव सापडणे कठीण. २०२४ साली या स्थळाचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आले.

भंडारा पाणी निर्माण करीत नाही; तो सातपुड्यावर पडून मुरलेला पाऊस आणतो. रान दाट असले की पाऊस थबकतो आणि मुरतो. रान उघडे पडले की तो माती घेऊन धावत तापीला मिळतो. मुरलेले पाणी अतिशय मंद चालते. त्यामुळे आज डोंगरावर कुऱ्हाड पडली तरी कुंडी उद्याच आटत नाही. येथे अवधी स्नेह वाढवीत नाही, तो फसवितो! वाटी परत गेली नाही तर शेजारीण निदान बोलून दाखविते. जमीन वर्षानुवर्षे बोलत नाही. आपल्याकडे आणि शेजारच्या रावेर-यावल भागात केळीने घरे उभी केली, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण केळ हे भरपूर पाणी पिणारे पीक, आणि त्या पट्ट्यात कूपनलिका दरवेळी अधिक खोल जात राहिल्या आहेत. शिवाय भंडाऱ्याच्या मार्गात पाण्यातील चुन्याचे थर साचून वाट अरुंद होते. ती वेळोवेळी साफ करणे ही आपल्या बाजूची परतफेड आहे.

आमच्या अंगणातील जुन्या विहिरीवर लहानपणी आम्ही अभिषेकाचे पाणी शेंदीत असू. दोर पाच वाव पुरे. मग नळ आला, विहिरीवर जाळी बसली, आणि गेल्या वैशाखात उत्सुकतेने दोर सोडला तो दहा वाव जाऊनही कळशी कोरडीच वाजली. आम्ही तिच्यातून वर्षे-वर्षे पाणी घेतले. तिच्यात काही घातल्याचे आम्हांस स्मरत नाही.

हिशेब फार अवघड नाही. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे तेवीसशे लिटर पाणी होते. सभामंडपाच्या पत्र्यावरचे पाणी सध्या पन्हाळीतून थेट गटारात जाते. विहीर तेथून दहा पावलांवर आहे. पाणी गाळून तिच्यात सोडण्यास वाळू-खडीचा एक हौद आणि थोडी नळी लागेल. मृगापूर्वी एक रविवार देऊ शकतील अशा सभासदांनी आरतीनंतर आम्हांस भेटावे. फावडी आम्ही आणून ठेवू.