नव्या पानाकडे बघा

दुकानातून आणलेलं क्रिप्टोकोरिनचं रोप माशांच्या टाकीत लावलं, की आठवड्याभरात बहुतेकदा ते विरघळायला लागतं. अक्षरशः विरघळतं. आधी देठ काचेसारखा आरपार दिसू लागतो आणि मग बोट लागलं तरी पानाचा लगदा होतो. आमच्या घरी पहिल्यांदा हे झालं तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगत होता, "उपटून टाका, पाणी नासेल." गप्पी मरतील ही धास्ती घरातल्यांनाही होतीच. कुजकी पानं मी कात्रीने काढली, पण रोप हलकेच ओढून पाहिलं तर मुळांनी वाळू घट्ट धरलेली, आणि काचेला टेकलेली मुळं पांढरीशुभ्र. म्हणून रोप तसंच राहू दिलं. पुढे त्याच गड्ड्यातून तपकिरी, सुरळीसारखे कोंब वर आले. ते झाड आजही टाकीत आहे.

यामागचं कारण दुकानात सहसा कोणी सांगत नाही. टाकीसाठी विकली जाणारी बरीच झाडं रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. मुळं ओली, पानं हवेत. हवेतलं पान जाडसर असतं, वर मेणाचा थर असतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइडचं पसरणं हवेच्या मानाने सुमारे १० हजार पट संथ; तिथे असलं पान कुचकामी ठरतं. मग झाड जुनी पानं सोडून देतं आणि पातळ, नाजूक अशी नवी काढतं. म्हणून झाड जगलं की मेलं हे नव्या पानावरून ठरवा. खोडाचा गड्डा कडक असेल, मुळं पांढरी असतील तर महिनाभर तरी त्याला हात लावू नका. रोज उपटून मुळं पाहण्याने जितकी झाडं जातात, तितकी दुसऱ्या कशाने क्वचितच जात असतील.

लावताना मात्र घाई नको. रोप जाळीच्या कुंडीत आलं असेल तर मुळांभोवतीचा लोकरीसारखा भराव चिमट्याने काढून टाका. जुडीला शिशाची पट्टी असेल तर ती सोडून काड्या सुट्ट्या लावा, नाहीतर आवळलेल्या जागी त्या कुजतात. जावा फर्न आणि अनुबियास यांचं आडवं खोड वाळूत कधीच पुरू नका. ते सडतं. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने सैलसर बांधा, मुळं आपोआप पकड घेतात. जावा फर्नच्या पानामागे ओळीने काळे ठिपके दिसले की लोक रोग म्हणून पान तोडतात. ती बीजाणूंची घरं आहेत, तोडू नका.

झाड रुजल्यावर भुकेचा प्रश्न येतो, आणि इथेही पानाचं वय बघावं लागतं. नायट्रोजन आणि पोटॅशियम झाडाला जुन्या पानातून काढून नव्याला देता येतात. त्यामुळे यांची चणचण असली की खालची पानं पिवळी पडतात किंवा त्यांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. लोह तसं हलवता येत नाही, म्हणून ते कमी पडलं की शेंड्याचं कोवळं पानच फिकट येतं. हे न बघता सरसकट खत ओतणं म्हणजे शेवाळाची पेरणी. क्रिप्टोकोरिनसारख्या मुळांनी खाणाऱ्या झाडाजवळ वाळूत खताची गोळी खोचली की पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

"लिक्विड कार्बन" म्हणून मिळणाऱ्या बाटलीबद्दल मी जरा कडकच बोलेन. त्यात बहुधा ग्लुटराल्डिहाइड असतं. हेच रसायन इस्पितळात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात. शेवाळ त्याने मरतं खरं, पण व्हॅलिसनेरियाची रिबिनीसारखी लांब पानंही त्याने वितळताना मी पाहिली आहेत. साध्या टाकीला ही बाटली लागत नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही लागत नाही.

लागतो तो प्रकाशावरचा ताबा. नव्या टाकीत दिवा रोज सहा-सात तासच ठेवा, जमल्यास टायमर लावा, आणि टाकी खिडकीच्या उन्हात मांडू नका. झाडं संथ आणि उजेड जास्त झाला की उरलेला सगळा शेवाळाच्या वाट्याला जातो. सुरुवातीला हायग्रोफिला, व्हॅलिसनेरिया अशी भराभर वाढणारी झाडं भरपूर लावावीत. ती पाण्यातलं अन्न आधी उचलतात. अनुबियासच्या जुन्या पानावर काळ्या शेवाळाची लव बसली तर घासत बसू नका, पान देठापासून कापा. रात्री झाडंही प्राणवायू घेतात, म्हणून गच्च भरलेल्या टाकीत पहाटे मासे वर तोंड काढताना दिसले तर रात्रभर हवेचा पंप चालू ठेवा.

कोकणातले स्नेही हौसेने समुद्राची वाळू आणतात. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो विरघळत जातो आणि पाणी जड होतं. चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाका. फसफसली तर ती टाकीत नको. बोअरचं पाणी मुळातच जड असेल तर व्हॅलिसनेरिया त्यात खुशाल वाढते, नाजूक लाल पानांच्या रोटालाचा हट्ट धरू नये.

छाटलेल्या काड्या नाल्यात, तळ्यात, बेसिनमध्ये टाकू नका. टाकीतल्या बऱ्याच झाडांना कांड्याच्या एका तुकड्यातूनही फुटवा येतो. जलपर्णीचंच बघा. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेची म्हणून देशोदेशी नेलेली. पवना आणि मुळा-मुठेवर आज ती दर वर्षी यंत्रं लावून काढावी लागते. आमच्याकडे सगळी छाटणी गच्चीत कडक वाळवतो आणि मगच कुंडीत घालतो. टाकीतलं काढलेलं पाणीही तिथेच जातं, झाडांना ते चांगलं मानवतं.