फाटली म्हणून टाकू नकोस

धाटाव, ता. रोहा

चि. बाळ्यास,


भिसे खिंडीच्या उतारावर सायकलवरून घसरलास, हे वहिनीकडून कळलं. खरचटण्यावर निभावलं, देवाची कृपा. पण मांडीवर फाटलेली सायकलची शॉर्ट तू कचऱ्यात टाकून नवी मागवणार आहेस, असंही ती म्हणाली. टाकू नकोस. शिवून घे.

तुझ्या आजीने जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. ते सुती कापड झिजून शेवटी मातीत गेलं असतं तरी चाललं असतं. तुझी शॉर्ट नायलॉन नाहीतर पॉलिस्टरची, त्यात लायक्रा. ती कुजत नाही. इथे कुंडलिकेच्या काठी झुडपांत अडकलेल्या चिंध्या पाहा. पावसाळे येतात नि जातात, त्या तिथेच. म्हणून असं कापड तर जास्तच जपून वापरायला हवं.

हे कापड शिवायची रीत मात्र वेगळी. लायक्राचा धागा १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला. तो रबरासारखा ताणतो आणि पुन्हा जागेवर येतो. त्यावर साधा धावदोरा घातलास, तर सीटवर बसताक्षणी दोरा तुटेल. आधी थंड पाण्यात साबणाने धुऊन खडी, मलम सगळं काढ आणि सावलीत वाळव. घासून कडक झालेल्या कडा कातरून टाक. ठिगळासाठी एखाद्या जुन्या शॉर्टचा पाय घे, कोपरे गोल काप, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो. मूळ कापड ज्या दिशेला ताणतं, त्याच दिशेला ठिगळही ताणलं पाहिजे. लोक इथेच चुकतात. ठिगळ बाहेरून लाव, म्हणजे त्याची कड मांडीला घासणार नाही. दोरा पॉलिस्टरचा, सुई गोल टोकाची. नेहमीची टोकदार सुई आतले ताणाचे धागे तोडते आणि शिवणीशेजारी नवी भोकं पडतात. मशीनवर झिगझॅग टाका घाल. तुझ्याकडे मशीन नसेल, तर ट्रॅकपॅन्ट शिवणाऱ्या शिंप्याकडे दे आणि झिगझॅग हवा, असं स्पष्ट सांग. ठिगळ दिसेल, दिसू दे. आमच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या किती जणांच्या पॅन्टी पायाशी सायकलच्या चेनमध्ये सापडून फाटतात आणि शिवून पुन्हा अंगावर चढतात. त्यात कसली आली लाज?

पुढे जपायचं तर गरम पाणी, ब्लीच आणि कडक इस्त्री यांपासून लांब ठेव. पावसात भिजून आलास तर बोळा करून पिशवीत कोंबू नकोस. आपल्या कोकणात बुरशी धरायला वेळ लागत नाही.

आतलं पॅडच फाटलं किंवा दबून कडक झालं असेल, तर त्यावर शिवण घालू नकोस. तिथली गाठ काही किलोमीटरमध्ये कातडी सोलून काढेल. तशी शॉर्ट ठिगळांच्या कापडासाठी ठेव.

आणि पडताना डोकं आपटलं असेल, तर हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. तो एकदाच मार झेलतो. शॉर्टचे पैसे वाचतील ते त्यात घाल आणि नवं हेल्मेट घेतल्याशिवाय सायकलवर बसू नकोस.

तुझी,
आत्या