फुगा फुटला, पण कोणता?

ट्रॉलरवर जाळं ओढताना खलाशाच्या डोक्यात एकदम असह्य कळ उठते, ओकारी होते, मान ताठते. बोटीवर ‘ऊन लागलं’ म्हणतात, घरी पित्त ठरतं, कुणी दिष्टही काढतं. मेडिकलमधली गोळी घेऊन दुखणं जरा उतरतं आणि चार दिवस निघून जातात. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर हे सहज घडू शकतं.

काही क्षणांत शिगेला पोहोचणारी डोकेदुखी मेंदूच्या रक्तवाहिनीवरचा फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, फुटल्याची खूण असू शकते. सायकलच्या ट्यूबला कमजोर जागी टेंगूळ येतं, तसाच हा फुगा. शंभर प्रौढांमागे साधारण तिघांना तो असतो. बहुतेकांचा कधीच फुटत नाही. फुटलाच, तर पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या 24 तासांत सर्वाधिक.

पहिली तपासणी सीटी स्कॅनचीच. सहा तासांच्या आत केलेल्या सीटीतून रक्त सहसा सुटत नाही. दिवस उलटले की ते पुसट होतं आणि मग एमआरआय वरचढ ठरतो. एमआरआयच्या फ्लेअर, एसडब्ल्यूआय या पद्धतींत जुन्या रक्ताच्या खुणाही सापडतात. उशिरा बंदराला लागलेल्या खलाशाला याचाच आधार.

खरा पेच पुढे आहे. पाचांतल्या साधारण एका रुग्णाला एकाहून जास्त फुगे असतात. मग फुगा बंद करणारी क्लिप किंवा कॉइल आधी कोणत्याला? रक्त कुठे साचलंय, फुगा केवढा, किती वेडावाकडा, यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. तो चुकला, तर फुटलेला फुगा तसाच राहतो. 2013 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी इथे ‘व्हेसल वॉल एमआरआय’चा उपयोग दाखवला. त्यात वाहतं रक्त काळं दिसतं आणि गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिल्यावर फुटलेल्या फुग्याची भिंत उजळते. न फुटलेलेही कधी कधी उजळतात, म्हणून निव्वळ या एका चित्रावर शिक्कामोर्तब करणं धाडसाचं.

अशी डोकेदुखी उठली, तर घरच्यांनी रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करावा, दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं ते सांगावं, अ‍ॅस्पिरिन देऊ नये. गोव्यातल्या बांबोळीच्या किंवा कोल्हापूरच्या रुग्णालयात हलवायचं झाल्यास सीटीची फिल्म सोबत हवी. एमआरआयपूर्वी पेसमेकर, जुनी क्लिप, किडनीचा आजार लपवू नये. सख्ख्या नात्यातल्या दोघांना मेंदूतल्या फुग्याचा त्रास झाला असेल, तर इतरांनी डॉक्टरांना विचारून इंजेक्शनशिवाय होणारी एमआर अँजिओग्राफी करून घ्यावी. विडी-सिगारेट आणि वाढलेलं बीपी यांचा बंदोबस्त तोवरच सुरू करावा.