दुखणेकऱ्याची झोप: पैसा आधी कुठे घालावा

कंबरदुखी, संधिवात किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या माणसाची झोप उडाली, की घरातले म्हणतात, ‘एवढं दुखतंय म्हटल्यावर झोप कुठली लागणार?’ आणि डॉक्टरांपुढे तो विषय निघतच नाही. पण आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री अशा जात असतील आणि त्याला तीन महिने उलटले असतील, तर तो स्वतंत्र आजार धरून त्यावर वेगळा उपचार करतात. नातेपुत्यात राहून तो उपचार कसा मिळवायचा आणि खर्चाचा क्रम कसा लावायचा, ते पुढे दिले आहे. खासगी दर ढोबळ आहेत. निघण्याआधी फोन करून विचारा.

सुरुवात फुकटात होते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला, त्या किती वाजता घेता ते कागदावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. केमोबरोबर दिलेली डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइडची गोळी संध्याकाळी घेतली, तर रात्र जागून काढावी लागते. बहुतेक वेळा ती सकाळी घेता येते. लघवीची गोळी उशिरा घेतली की दोनदा-तीनदा उठावे लागते. वेदनाशामक गोळी रात्री नवाला घेतली आणि तिचा असर दोनला संपला, तर डोळा दोनलाच उघडणार. यावर जास्त वेळ टिकणारी गोळी मिळते. मात्र वेळ किंवा मात्रा मनाने बदलू नका. नातेपुत्याचे ग्रामीण रुग्णालय आणि अकलूजचे उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाची आहेत. या विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

तिथेच हिमोग्लोबिन तपासून घ्या. कर्करोगाच्या रुग्णाचा थकवा पुष्कळदा रक्त कमी झाल्याने वाढलेला असतो. थायरॉइड आणि फेरिटिन या तपासण्या खासगी लॅबमध्ये मिळून हजार रुपयांच्या आसपास होतात. रात्री पाय स्वस्थ राहत नसतील, सारखे हलवावेसे वाटत असतील, तर फेरिटिन जरूर करा. शरीरातले लोह कमी पडले की हा त्रास होतो. पुण्यातली झोपेची रात्रभराची तपासणी आठ ते पंधरा हजारांची असते. जोरात घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे असेल तरच ती करायची. साध्या निद्रानाशासाठी कुणी सुचवली, तर कशासाठी ते स्पष्ट विचारा.

आता मुख्य उपचार. त्याला सीबीटी-आय म्हणतात. झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीची धास्ती बदलण्याची ही पद्धत आहे. निद्रानाशावर पहिला उपचार हाच असावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये केली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्राने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या 160 जणांपैकी ज्यांना ही पद्धत दिली त्यातल्या तीन चतुर्थांश लोकांना चांगला गुण आला. अ‍ॅक्युपंक्चरने गुण येणारे 56 टक्के होते. जुन्या दुखण्यात या उपचाराने वेदना लगेच फार कमी होतील असे धरू नका, पण झोप सुधारते आणि दिवस निभावता येतो.

पद्धत अशी: दोन आठवडे वहीत रोज लिहायचे, आडवे कधी झालो, अंदाजे किती झोपलो, उठलो कधी. समजा कुणी दहा ते सहा अंथरुणात असतो, पण झोप साडेपाच तासच होते. त्याने काही दिवस बारा ते साडेपाच एवढाच वेळ अंथरुणात राहायचे. त्यातला 85 टक्के वेळ झोपेत जाऊ लागला, की दर आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवायची. साडेपाच तासांच्या खाली जायचे नाही. फिट येणाऱ्याने, उन्माद-नैराश्याचा आजार असलेल्याने, ट्रॅक्टर किंवा गाडी चालवणाऱ्याने आणि केमो चालू असलेल्याने हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.

झोप येत नसेल तर अंथरुणातून उठायचे, हा दुसरा नियम. आपल्याकडे एकाच खोलीत पाचजण झोपतात, तेव्हा उठून जायचे कुठे? ओसरीत एक खुर्ची आणि घोंगडी कायमची ठेवून द्या. दुखण्याने बसवत नसेल, तर बाजूला वेगळी सतरंजी टाका. शेतीची लाईट रात्रीची असेल, तर मोटर चालू करायला जाण्याचे काम रुग्णाकडून काढून घ्या. झोपेची वेळ रोज बदलत राहिली तर वही लिहून उपयोग नाही. दिवसा अर्ध्या तासाहून जास्त, आणि दुपारी तीननंतर, झोपू नये. कर्करोगाचा थकवा पडून राहण्याने जात नाही. झेपेल तेवढे रोजचे चालणे त्याला जास्त उपयोगी पडते.

हे शिकवणारा समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ नातेपुत्याहून पुण्याला किंवा सोलापूरला गाठायचा, तर सव्वाशे-दीडशे किलोमीटर पडतात. बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याहून बरेच जवळ आहे. मानसोपचार विभागाची चौकशी आधी तिथे करा. सोलापूरच्या सिव्हिलमध्येही काम नाममात्र शुल्कात होते. खासगी बैठकीला 800 ते 2000 रुपये पडतात आणि चार ते आठ बैठका लागतात. म्हणजे स्वस्तात तीन-साडेतीन हजार, महागात सोळा हजार. पहिली बैठक समक्ष, बाकीच्या व्हिडिओवर ठरवल्या तर जाण्यायेण्याचा खर्च आणि रुग्णाची दमछाक दोन्ही वाचतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मराठीत मोफत बोलता येते. रात्री तीनला जीव घाबरा झाला तरी फोन लावा.

झोपेची गोळी दहा-पंधरा रुपयांच्या आत मिळते म्हणून ती स्वस्त वाटते. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांची सवय लागते, म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो, आणि खुब्याचे हाड मोडले तर ऑपरेशनचा खर्च लाखात जातो. मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल चालू असताना डॉक्टरांना न विचारता यातली गोळी घेतली, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. चिठ्ठीशिवाय ती मागू नका. मज्जातंतूंच्या वेदनेवर रात्री देतात ती अ‍ॅमिट्रिप्टिलीन कमी मात्रेत झोपेलाही मदत करते आणि महिन्याला शंभराच्या आसपास पडते. जनऔषधी केंद्रात विचारा, आणखी कमी लागतील. हृदयविकार किंवा काचबिंदू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि केमो, रेडिएशन, ऑपरेशन त्यात बसते. बाहेरच्या बैठका आणि झोपेच्या गोळ्या त्यात धरू नका. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि 75 वर्षांवरील रुग्णाला प्रवास मोफत. उपचारासाठी रेल्वेने मुंबईला जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीचे भाडे पूर्ण माफ असते; रुग्णालयाचा दाखला लागतो.

वेदनाच आवरत नसेल, तर झोपेवर पैसे घालण्याआधी वेदनेचा उपचार करा. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात उपचार चालू असतील, तर वेदनेसाठी वेगळे कोण पाहते ते तिथेच विचारा. पुण्यात वारज्याला सिप्ला उपशामक सेवा केंद्र आहे. 1997 पासून ते कर्करोगाच्या रुग्णांना राहण्यासह मोफत सेवा देते.

महागडी गादी, झोपेचे तेल, शक्तीची पावडर यांचा नंबर या सगळ्यानंतर लावा. पुढच्या तपासणीला वही आणि गोळ्यांची पिशवी घेऊन जा, आणि खुर्चीवर बसताच पहिले वाक्य झोपेबद्दल बोला.