अंगठी आणि घोंगडी

प्रश्न : ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणि ‘हॅरी पॉटर’ वाचून झाले. पूर्वेकडे अशा अद्‌भुत कथांच्या मालिका आहेत का? असल्या तर फरक काय?

उत्तर : आहेत, आणि चांगल्या जाडजूड आहेत. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३पासून छापलेली उर्दू ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ घ्या. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. आणि हा अमीर हमजा या वीराच्या ४६ खंडी दास्तानीचा, म्हणजे लांबलचक अद्‌भुतकथेचा, केवळ एक भाग!

टोल्कीन यांच्या कथेतली अंगठी बोटात घातली की माणूस दिसेनासा होतो. पण ती त्याचं मन पोखरत जाते. होशरुबातल्या अमर या अय्याराकडे, म्हणजे सोंगाड्या हेराकडे, गलीम नावाची घोंगडी आहे. ती पांघरली की तोही गायब, मनाला मात्र धक्का नाही. खरी धमाल तिथूनच सुरू होते. जादूगारांच्या गोटात शिरायचं, सोंग घ्यायचं, त्यांना बेशुद्ध करायचं आणि सापडेल ते झंबील या कधीच न भरणाऱ्या पोतडीत कोंबायचं. (हॅरीचा झगाही निरुपद्रवीच, तेव्हा सगळ्या पाश्चात्त्य कथांना अंगठीचं माप लावू नका.)

मला या फरकाचं मूळ गोष्ट सांगण्याच्या रीतीत दिसतं. दास्तान आधी मैफलीत रंगली, मग छापली गेली. ऐन रंगात आलेली गोष्ट थोपवून बागेचं, मेजवानीचं वर्णन लांबवायचं आणि तरीही श्रोत्याला उठू द्यायचं नाही, यात दास्तानगोचं, म्हणजे दास्तान सांगणाऱ्याचं, कसब. दोन ठिकाणचे तपशील जुळले नाहीत तरी कुणी अडून बसत नसे. टोल्कीन यांना ते खपणारं नव्हतं. १९३७च्या ‘द हॉबिट’मध्ये अंगठी बाळगणारा गॉलम ती पैजेचं बक्षीस म्हणून देऊ करतो. पुढे अंगठीचा स्वभाव पालटला, म्हणून त्यांनी ते प्रकरणच नव्याने लिहिलं. १९५१च्या आवृत्तीतला गॉलम अंगठी गेल्यावर पिसाळतो.

हिंदी वाचत असाल तर देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’पासून (१८८८) सुरुवात करा. तिथल्या तिलिस्मात, म्हणजे गूढ बंदिस्त जागेत, जादू नाही, यांत्रिक कळा आणि भुयारं आहेत. अय्यार बेशुद्ध पडलेल्याला लखलखा नावाचं औषध हुंगवून शुद्धीवर आणतात. ‘चंद्रकांता’ आवडली तर होशरुबाकडे वळा. नावांचा गोंधळ उडाला तरी थांबू नका, अमर कुठे आहे तेवढं बघत चला.