साठ फॉर्म आणि अकरा गावकरी

सर्व्हे म्हटलं की आपल्याकडे फॉर्म कोण भरतं? रूम पार्टनर, मेसच्या रांगेतले पुढचे चार जण आणि उरलेले सबमिशनच्या आदल्या रात्री आपण स्वतः! शेवटची तर पद्धतच नव्हे. पण प्रामाणिकपणे उन्हात फिरून फॉर्म भरले तरी माणूस कसा फसतो, ते सांगतो.

आमच्या ग्रुपचा विषय होता, 'घराला दार नाही, तर शनिशिंगणापूरच्या लोकांना चोरीची भीती वाटते का?' नेवासा तालुक्यातलं हे गाव बिनदाराच्या घरांसाठी प्रसिद्ध. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा काढली, तीही बिनकुलपाची म्हणून गाजली. दुसरीकडे, २०१० मध्ये एका भाविकाच्या गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार झाली होती आणि २०१५ मध्ये गावाला पोलीस ठाणं मिळालं. म्हणजे प्रश्न विचारण्यासारखा होता. शनिवारी गेलो, गर्दी मरणाची. दुपारी दोनपर्यंत साठ फॉर्म हातात, त्यातल्या सत्तावन्नांवर 'भीती नाही'. आम्ही खूश.

सरांनी गठ्ठा चाळला आणि एवढंच विचारलं, "यातले शिंगणापूरचे किती?"

मोजले. अकरा. त्यातले नऊ दुकानदार. बाकी सगळे बाहेरगावचे भाविक. श्रद्धेने आलेला माणूस देवासमोर उभा राहून 'इथे चोरी होते' म्हणेल कशाला? आणि दुकानदाराचं तर पोटच गावाच्या नावावर. याला सोयीचा नमुना म्हणतात. सोय आपली, नुकसान निष्कर्षाचं.

एकजण म्हणाला, पुढच्या शनिवारी दोनशे भरू. उपयोग शून्य. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' मासिकाकडे निवडणुकीआधी वीस लाखांवर उत्तरं आली होती. अंदाज होता लँडन जिंकणार, जिंकले रूझवेल्ट. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतले, त्यातही उत्तर पाठवणारे थोडेच. चाळणी वाकडी असेल तर पोतंभर चाळून काय होणार?

आपल्याकडे हा धडा शेतात गिरवला गेला. पिकाचा उतारा पूर्वी नजरअंदाजाने ठरायचा. १९४० च्या दशकात साताऱ्याच्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी यादृच्छिक पद्धतीने पीक कापणीचे प्रयोग रुजवले. आधी गाव चिठ्ठीने, मग शेत चिठ्ठीने, मग शेतातला चौकोन कुठे आखायचा तेही यादृच्छिक अंकांनी. कापणाऱ्याच्या मर्जीला जागाच नाही. तरीही सुखात्म्यांना दिसलं, की चौकोन फार लहान असला तर उतारा फुगतो, कारण रेषेवरची रोपं माणूस नकळत आत ओढतो. मला ही गोष्ट फार आवडते. दोरी आणि विळा हातात असूनही मन आडवं येतंच!

तर आम्ही मतदार यादी घेतली. समजा तीन हजार नावं असतील आणि साठ हवीत, तर एक ते पन्नासमधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा आणि तिथून पुढे प्रत्येक पन्नासावं नाव. पण यादीलाही भोकं असतात. अठराच्या खालचे नाहीत. हंगामात सोनईच्या कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांची नावं त्यांच्या मूळ गावात. म्हणून कोप्यांमधली कुटुंबं आम्ही वेगळा स्तर धरून निवडली. आणि नियम एकच, नाव निघालेला माणूस घरी नसेल तर शेजाऱ्याला पकडायचं नाही, पुन्हा जायचं. दुसरी खेप मंगळवारी, तिसरी पावसात.

यादीतल्या एका आजींकडे तिसऱ्या खेपेला भेट झाली. कडी नाही, तर वाजवणार काय? बाहेरून हाक मारली. भीतीचा प्रश्न विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "चोराचं काय घेऊन बसलास! रातच्याला फळी लावतो आम्ही, कुत्रं शिरतं म्हणून."

आमच्या फॉर्ममध्ये फळीचा रकानाच नव्हता. तो त्या रात्री वाढवला, आणि आधी झालेल्या बावीस घरी पुन्हा गेलो.